गजाननराव जोशी

पंडित गजानन अनंत जोशी ऊर्फ गजाननबुवा जोशी (जन्म : गिरगाव, मुंबई, ३० जानेवारी १९११, मृत्यू : २८ जून १९८७) हे हिंदुस्थानी संगीतातील गायक, व्हायोलिनवादक आणि गुरू होते. ग्वाल्हेर घराण्याची तालीम त्यांना वडिलांकडून मिळाली. पुढे जयपूर-अत्रौली व आग्रा या घराण्यांची गायकीही त्यांनी त्या त्या घराण्यांतील गुरूंकडून आत्मसात केली. साथीचे किंवा विलायती वाद्य मानल्या गेलेल्या व्हायोलिनला महाराष्ट्रातील मैफलीत स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गायक म्हणून त्यांचे नाव आधी घ्यावे की वादक म्हणून, हा प्रश्न त्यांच्याविषयी लिहिताना सतत पडतो. रसिकांच्या एका पिढीला ते प्रामुख्याने व्हायोलिनवादक म्हणून ठाऊक होते. त्यांच्या शिष्यपरिवारातून त्यांना ओळखणाऱ्या नंतरच्या पिढीला ते ख्यालगायकीचे गुरू वाटतात. ते कंठसंगीताचेच शास्त्र वाद्यावर वाजवीत असल्यामुळे या दोन्ही ओळखींचे मूळ एकच आहे.

घराणे आणि वडिलांची तालीम

जोशी घराण्यात संगीत पिढीजात होते. गजाननरावांचे आजोबा मनोहर जोशी गायक होते. वडील अनंत मनोहर जोशी हे अंतुबुवा जोशी या नावाने प्रसिद्ध होते. सातारा जिल्ह्यातील किन्हई येथे १८८१ साली जन्मलेल्या अंतुबुवांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्याकडे गुरुगृही राहून विद्या संपादन केली. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी उत्तरेतून महाराष्ट्रात आणली आणि येथे रुजवली. विष्णु दिगंबर पलुसकर, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे अशा त्यांच्या शिष्यांनी ती पुढे दूरवर नेली. विष्णु दिगंबरांनी संस्थांचे जाळे उभारले, तर अंतुबुवांचा पिंड मुख्यतः गुरूचा होता. त्यांनी १९०७ साली मुंबईत गुरुसमर्थ गायन-वादन विद्यालय स्थापन केले. विष्णु दिगंबरांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरहून मुंबईत आले ते त्यानंतर वर्षभराने. पुढे अंतुबुवा औंध संस्थानचे दरबारी गायक झाले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

अशा घरात वाढलेल्या मुलाला संगीत वेगळे शोधावे लागले नाही. अंतुबुवांकडून गजाननरावांना ग्वाल्हेर परंपरेतील ख्याल, तराणा, टप्पा, अष्टपदी असा सर्वांगी साठा मिळाला. या घराण्यात बंदिशीला फार मोठे स्थान आहे. स्थायी आणि अंतरा संपूर्ण व स्वच्छ मांडल्याशिवाय विस्ताराला हात घालायचा नाही, असा तेथील दंडक. राग बंदिशीतूनच उलगडतो, म्हणून एकेका रागातील विलंबित व द्रुत बंदिशींचा संग्रह ही गायकाची खरी मिळकत समजली जाई. गजाननरावांनी तबल्याचेही शिक्षण घेतले होते. लयीवरील त्यांच्या पकडीचा उल्लेख पुढे वारंवार होत राहिला, त्याचा पाया येथे दिसतो.

व्हायोलिन

व्हायोलिन भारतात युरोपीय लोकांबरोबर आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतासाठी स्वीकारले आणि थोड्याच काळात गायनाच्या साथीला ते तेथे अपरिहार्य झाले. उत्तरेत मात्र हे स्थान सारंगीने व्यापले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हार्मोनियमही त्या जागेत शिरली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात व्हायोलिन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बँड, मूकपटांच्या वेळी वाजणारा वाद्यमेळ किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची मंडळी येई. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात व्हायोलिन शिकवले जात असे. दाक्षिणात्य वादक परूर सुंदरम अय्यर यांनी तेथे अध्यापन केले होते. तरीही ज्याच्या मागे पिढ्यांची वादनपद्धती उभी आहे असे हिंदुस्थानी व्हायोलिनचे घराणे अस्तित्वात नव्हते.

हे लक्षात घेतले म्हणजे गजाननरावांनी व्हायोलिन स्वतःच्या प्रयत्नाने, स्वयंशिक्षणाने आत्मसात केले यातील अवघडपणा कळतो. सतार किंवा सरोद शिकणाऱ्याला हात कसा ठेवावा, गत कशी बांधावी, आलापाचा क्रम कोणता, हे सांगणारी परंपरा उपलब्ध होती. व्हायोलिनवर ख्याल कसा वाजवावा हे सांगणारे कोणी नव्हते. गजाननरावांजवळ वाद्याची परंपरा नव्हती, पण गळ्याची होती. तीच त्यांनी वाद्यावर उतरवली.

या कामाला व्हायोलिन एका दृष्टीने अत्यंत अनुकूल होते. त्याला पडदे नसतात. बोट तारेवरून सरकत जाते, त्यामुळे मींड, आंदोलन आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येतात. गजाने आवाज अखंड ठेवता येतो, म्हणजे दमसासाच्या गायनासारखा दीर्घ स्वरही लावता येतो. पियानो हेही त्याच काळात मुंबईच्या श्रीमंत घरांत आणि क्लबांत पोहोचलेले वाद्य. परंतु त्याचे स्वर पट्ट्यांत बंदिस्त असतात आणि पट्टी दाबल्यावर उमटलेला नाद विरत जातो. त्यामुळे मींडप्रधान रागसंगीतात पियानोला शिरकाव मिळाला नाही आणि व्हायोलिनला मिळाला.

प्रतिकूल गोष्टीही होत्या. पडदे नसल्याने बोट केसभर जरी चुकले तरी स्वर बेसूर होतो. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटी व खांद्यामध्ये धरतो. भारतीय वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पावलाजवळ टेकवतो, म्हणजे डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा होऊन तारेवर लांबवर फिरू शकतो. तारा षड्ज-पंचमात मिळवतात. हे सर्व जमले तरी मुख्य अडचण उरतेच, ती शब्दांची. गायक बोलआलापात आणि बोलतानेत बंदिशीच्या अक्षरांवर लय खेळवतो. वाद्याला अक्षर नाही. मग अक्षराचे काम गजाला करावे लागते. कोठे गज उलटवायचा, कोठे एकाच गजात स्वरांची लड ओवायची, कोठे किंचित अडवून अक्षराचा ठसका द्यायचा, या निर्णयांवर ऐकणाऱ्याला बंदिश ओळखू येते की नाही हे ठरते. मुखडा समेवर येताना बंदिशीचे शब्द श्रोत्याच्या मनात उमटले पाहिजेत, ही गायकी अंगाच्या वादनाची कसोटी आहे, आणि बंदिशींचा मोठा साठा कंठस्थ असलेला गायकच तिला सहज उतरू शकतो. गजाननरावांच्या वादनाचे बळ येथे होते. ग्वाल्हेरची सपाट तान गजाच्या एका लांब ओढीत बसते आणि तिच्या वेगामुळे वाद्याला चमकही येते. पण ही चमक त्यांनी वादनाचे साध्य मानले नाही. आधी बंदिश, मग विस्तार, हा घरचा क्रम वाद्यावरही राहिला.

त्यांच्या समकालीन व किंचित नंतरच्या काळात हिंदुस्थानी व्हायोलिनचे इतर प्रवाहही घडत होते. गोव्याच्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर यांनी अल्पायुष्यात आपल्या गोड व भावपूर्ण वादनाने महाराष्ट्राला वेड लावले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. वाईचे वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनी उस्ताद अलाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन घेतले आणि तंतअंग व गायकी यांचा मिलाफ साधून जुगलबंदीच्या मैफली गाजवल्या. द. के. दातार यांनी गायकी अंग निवडले, आणि एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांच्या गायकीचा आदर्श समोर ठेवला. मुंबईत व्हायोलिनवादकाला उपजीविकेचा आणखी एक मोठा मार्ग खुला होता तो चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय कलावंत त्या क्षेत्रात नावारूपाला आले, आणि मराठी भावगीताच्या क्षेत्रात प्रभाकर जोग यांचे गाते व्हायोलिन घराघरांत पोहोचले. गजाननरावांची ओळख मात्र मैफल, दरबार आणि आकाशवाणी यांतूनच घडली.

औंध संस्थान

वडिलांप्रमाणे गजाननरावही औंध संस्थानचे दरबारी कलावंत होते. साताऱ्याच्या पूर्वेकडील हे लहानसे संस्थान त्या काळी आपल्या आकाराच्या मानाने फार गाजत होते. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर कलासंग्रहालय उभारले, आणि १९३८-३९ च्या सुमारास महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचा प्रयोग केला. अशा आश्रयदात्याकडे नोकरी म्हणजे केवळ सणावारी गाणे नव्हते. नियमित रियाझ आणि विद्यादान यांसाठी लागणारी निश्चिंती त्यातून मिळे.

या व्यवस्थेला मर्यादा होती. दरबारी कलावंताचे गाणे मुख्यतः दरबारात, देवळात आणि निमंत्रितांच्या बैठकीत राही. दरबार नसलेल्या भागांत रागसंगीत पोहोचायचे ते संगीत नाटक, कीर्तन आणि क्वचित एखाद्या धनिकाच्या घरची बैठक यांमधून. खानदेशात जळगाव, धुळे, अमळनेर येथे नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत. बालगंधर्वांना लहानपणी गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडून मिळाले. अशा ठिकाणच्या श्रोत्याला नाट्यपदातून राग ओळखता येई, पण तासभर चालणारा ख्याल, त्यातही व्हायोलिनवरचा, ऐकण्याची संधी विरळाच. ही परिस्थिती पालटली ती रेडिओमुळे.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. देशभरातील शेकडो संस्थानांबरोबर दरबारी गायक-वादकांची पदेही संपली. कित्येक नामांकित कलावंतांवर उतारवयात विपन्नावस्था आली. गजाननराव त्या वेळी सदतीस वर्षांचे होते.

पुन्हा शागिर्दी

गजाननरावांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण भाग त्यांच्या शिकण्याचा आहे. वडिलांकडून एका घराण्याची परिपूर्ण तालीम मिळालेल्या गायकाने तेवढ्यावर आयुष्य काढणे ही त्या काळची रीत होती. घराणे हे कुळासारखे मानले जाई. दुसऱ्या घराण्याच्या उस्तादापुढे गंडा बांधायला बसणे कित्येकांना कमीपणाचे वाटे, आणि उस्तादही परक्या घराण्यातील तयार गायकाला आपली खास विद्या सहज देत नसत.

गजाननरावांनी रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन घेतले. वझेबुवाही ग्वाल्हेर परंपरेचेच, पण त्यांच्या गाण्याचा बाज जोरकस आणि अप्रचलित रागांचा त्यांचा संग्रह अफाट. त्यानंतर जयपूर-अत्रौली घराण्यासाठी ते भूर्जी खाँ यांच्याकडे गेले. भूर्जी खाँ हे उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र. मल्लिकार्जुन मन्सूर हेही त्यांचेच शिष्य. आग्रा घराण्याची तालीम गजाननरावांना उस्ताद विलायत हुसेन खाँ यांच्याकडून मिळाली.

या तीन गायकी एकमेकींपासून किती दूर आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे. ग्वाल्हेरमध्ये राग सरळ, मोकळा व प्रसन्न मांडला जातो. आलाप, बोल, तान ही अंगे क्रमाने येतात आणि प्रत्येकाला आपला वाटा मिळतो. जयपूरमध्ये लय मध्यम-विलंबित, पण स्वरवाक्ये गुंतागुंतीची. तान वक्र गतीने, वळणे घेत एका आवर्तनातून दुसऱ्यात जाते, आणि जोडराग व अनवट राग हा त्या घराण्याचा दागिना. आग्र्यात ध्रुपद-धमाराचा वारसा ठळक. नोमतोम, बोलबाट, बंदिशीच्या अक्षरांशी लयीची झुंज. जयपूरची तान ग्वाल्हेरच्या सपाटीत मिसळली तर दोन्हींचे तेज जाते. म्हणून बहुशिक्षित गायकावर नेहमी एक आक्षेप येतो, की तो कोणाचाच राहिला नाही.

गजाननरावांनी या आक्षेपाला वाव कमी ठेवला. त्यांनी तिन्ही गायकींची खिचडी केली नाही. जो राग ज्या घराण्याकडून आला, तो त्या घराण्याच्या शिस्तीने मांडायचा, अशी त्यांची भूमिका त्यांच्या शिष्यांच्या गायनातही स्पष्ट दिसते. अशा वेगळेपणासाठी नुसती स्मरणशक्ती पुरत नाही. आवाज लावण्याची पद्धत, तानेचे वळण, समेवर येण्याचा कोन, सारेच बदलावे लागते. ते वाद्यालाही लागू होते. सपाट तानेला चालणारी गजाची लांब ओढ वक्र तानेला पुरी पडत नाही. तेथे गज आणि बोटे यांचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. पाश्चात्त्य संगीतात एकच व्हायोलिनवादक बाख एका रीतीने आणि ब्राम्स दुसऱ्या रीतीने वाजवतो, ते लेखी स्वरलिपीच्या आधारे. येथे लिखित आधार नगण्य होता. गुरूसमोर बसून कानाने घेतलेले तेवढेच खरे.

आकाशवाणी

संस्थाने गेल्यानंतर शास्त्रीय संगीताचा सर्वांत मोठा आश्रयदाता झाला तो आकाशवाणी. मुंबई केंद्रावरून प्रसारण १९२७ पासून सुरू झाले होते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना (१९५२–१९६२), शास्त्रीय संगीताला प्रसारणात अग्रस्थान मिळाले. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी ध्वनिपरीक्षा आल्या, आणि जाणकार गायक-वादकांना केंद्रांवर जबाबदारीची पदे देण्यात आली. गजाननरावांनी मुंबई, लखनौ व अन्य केंद्रांवर काम केले.

आकाशवाणीच्या एका धोरणाचा व्हायोलिनला अप्रत्यक्ष लाभ झाला असे म्हणता येईल. १९४० साली हार्मोनियमवर रेडिओत बंदी आली. श्रुतींचे बारकावे तिच्यातून निघत नाहीत आणि मींड वाजत नाही, हा मुख्य आक्षेप होता. बंदी सुमारे तीन दशके टिकली. सुरांची साथ करू शकणाऱ्या सारंगीचे वादक संख्येने घटत चालले होते. अशा वेळी परदेशी मूळ असूनही श्रुतींची पूर्ण मुभा देणारे व्हायोलिन रेडिओला सोयीचे ठरले. हार्मोनियम आणि व्हायोलिन दोन्ही युरोपातून आलेली; त्यातील एक नभोवाणीला परके वाटले आणि दुसरे आपले, हा त्या काळाचा एक विरोधाभासच.

ध्वनिक्षेपकासमोरचे वादन हे बैठकीपेक्षा निराळे कौशल्य मागते. श्रोता दिसत नाही, वेळ मिनिटांत ठरलेला असतो, आणि राग त्या मर्यादेत पूर्ण झाल्यासारखा वाटला पाहिजे. बंदिशीला केंद्र मानणारी ग्वाल्हेरची आटोपशीर मांडणी या चौकटीत चपखल बसली. घरबसल्या हे वादन ऐकणाऱ्या श्रोत्यांना वादकाचे घराणे ठाऊक नसे, पण व्हायोलिन हे रागदारीचे वाद्य आहे हे मात्र त्यांना कळले.

अध्यापन आणि शिष्य

उत्तरायुष्यात गजाननरावांनी विद्यादानावर भर दिला. या काळात त्यांचे वास्तव्य डोंबिवलीत होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांत कोरे विद्यार्थी कमी आणि इतरत्र बरेच शिकून आलेले अधिक होते. स्वतः अनेक गुरूंकडे गेलेल्या माणसाकडे असे विद्यार्थी यावेत हे स्वाभाविकच होते. उल्हास कशाळकर हे वडिलांकडे, नागपूरच्या गुरूंकडे आणि राम मराठे यांच्याकडे शिकून त्यांच्याकडे आले. ग्वाल्हेर, जयपूर व आग्रा या तिन्ही गायकी वेगवेगळ्या राखून गाणारे आजचे प्रमुख गायक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ही पद्धत गजाननरावांकडूनच आलेली आहे. पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे (१९४८–२०१६), अरुण कशाळकर, शुभदा पराडकर यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले.

या नावांत गायक-गायिकाच अधिक आहेत. गजाननरावांच्या व्हायोलिनचा वारसा चालवणारे शिष्य त्यांच्या गायकीच्या मानाने थोडे झाले. त्यांत पुत्र मधुकर जोशी यांचे नाव प्रमुख आहे. आधी गळा तयार करावा आणि मग वाद्य हाती घ्यावे, असा हा दुहेरी मार्ग चालायला कठीण आहे. शिवाय वाद्यावर लवकर नाव मिळवायचे तर तंतकारीची चपळाई अधिक उपयोगी पडते. नात्याबाहेर ही वादनपद्धती फार पसरली नाही, याचे कारण यातच असावे.

औंध संगीत महोत्सव

अंतुबुवा जोशी यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९४० साली औंध येथे संगीतोत्सव सुरू केला. दत्तमंदिरात कलावंत स्वामींच्या चरणी सेवा म्हणून गात-वाजवीत. वडिलांनंतर गजाननरावांनी हा उत्सव पुढे चालवला आणि शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानच्या रूपाने त्याला संस्थेचा आधार दिला. संस्थानची सनद गेली, दरबार गेला, तरी औंधातील गाणे या उत्सवामुळे थांबले नाही. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होणाऱ्या या महोत्सवात देशातील अनेक आघाडीच्या कलावंतांनी हजेरी लावली आहे. गजाननरावांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य व कुटुंबीय त्याची व्यवस्था पाहत आले. त्यांच्या नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी या ग्वाल्हेर परंपरेतील गायिका आहेत.